डावखुऱ्याची सकाळ

उजाडायच्या आत, चुलीपुढे हात शेकत बसल्या बसल्या, बापूराव उंदीरवाडे यांनी बायकोला सांगून टाकलं, "अंजना, आता बस झालं. या हप्त्यानंतर मी चंद्रपूरले येनार नाई."

अंजनाबाई डब्यात पोहे भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आज त चला," त्या म्हणाल्या. "बस सुटन."

मग दोघं निघाली. मूलच्या स्टँडवर थंडी मी म्हणत होती. राइस मिलच्या कोंड्याचा वास धुक्यात अडकून राहिला होता. बापूरावांनी कानटोपी खाली ओढली आणि बसमध्ये चढताना दांड्याला धरून क्षणभर थांबले. मागचा माणूस पायरीखाली थांबला. या बसचे लोक आता त्यांना ओळखू लागले होते.

दोन्ही किडन्या गेल्याला वर्ष होत आलं होतं. आठवड्यातून तीनदा मूलहून चंद्रपूर, दवाखान्यात मशीनवर चार तास, आणि परत. तो दिवस झोपण्यात जायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जरा माणसात आल्यासारखं वाटायचं, तोवर पुन्हा डबा, पुन्हा बस. ज्या माणसानं सारी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली, कालव्याच्या काठानं सायकल चालवत गावोगावी पाणी पोचवलं, त्याला आता दिवसाला किती घोट प्यायचे ते दवाखाना सांगत होता. याचं हसू यावं इतकी ताकद सुरुवातीला होती. आता नव्हती.

नोकरीच्या त्या दिवसांत सायकलच्या हँडलला एक ट्रान्झिस्टर लटकलेला असे. कसोटी सामना असला की कालवा कितीही लांब असो, बापूरावांना तो लांब वाटत नसे. त्यांनी धावा कधी मोजल्या नाहीत. मूलच्या चहाच्या टपरीवर शतकांवरून भांडणं व्हायची, तेव्हा ते शेवटी एवढंच विचारत, "पन खेळला कसा?" चेंडू कुठं गेला यापेक्षा तो बॅटवरून कसा सुटला, पाय कुठं होता, फटका संपल्यावर माणूस घाईनं उभा राहिला की सावकाश, हे त्यांना हवं असायचं. रेडिओवर ते कोणी सांगत नसे. ते स्वतःच मनात रचून घेत. पुढं घरी टीव्ही आला, तेव्हा त्यांनी रचलेले फलंदाज खऱ्यापेक्षा थोडे सरसच निघाले.

एक मात्र रचलेल्यापेक्षा सरस निघाला. तो डावखुरा. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद केलेल्या. शेजाऱ्याचं शेत पाहायला निघाल्यासारखा तो मैदानात यायचा. गेली कैक वर्षं बापूराव त्याच्यासाठीच सामना लावत. पण या वर्षी त्याच्या धावा आटल्या होत्या. छत्तिशी उलटली होती. ऑस्ट्रेलियाच्या या दौऱ्यात त्याला नेलंच कशाला, असं टीव्हीवरचे जाणकार रोज बोलत होते.

दवाखान्यात वजन झालं, पलंग मिळाला. दिव्यानी नावाची तंत्रज्ञ मुलगी सुया घेऊन आली. "काय बापूरावभाऊ, पानी जास्त पेलं वाटते."

"थंडी होती त चहा घेतला दोनदा."

"दोनदा?"

"तीनदा."

ती हसली. सुया टोचल्या गेल्या, नळ्या लाल झाल्या, मशीन घरघरू लागलं. डावा हात आता चार तास परका. अंजनाबाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. आवाज बंद ठेवायचा, असा वॉर्डाचा नियम. रिमोट नेहमी पवनकडे असे. पवन तिशीतला, वर्षापूर्वीपर्यंत कोळशाचा ट्रक चालवायचा. त्याला गाण्यांचा चॅनेल लागे, तोही मुका.

"पवन, मॅच लाव ना पोरा," बापूराव म्हणाले.

"पाच दिवसाची? भाऊ, थे कोन पाह्यते? मानूस बुढा होते पाहता पाहता."

"आपल्याले कुठी जायचं हाय?"

पवननं नळ्यांकडे पाहिलं आणि चॅनेल बदलला.

डावखुरा खेळत होता. उन्हानं पांढरं झालेलं मैदान, आणि मधोमध तो. आल्याला बराच वेळ झाला असावा, पण धावा जेमतेम होत्या. गोलंदाज धावत यायचा, चेंडू बाहेरून निघायचा, डावखुरा बॅट उचलून हात छातीशी घ्यायचा आणि चेंडू जाऊ द्यायचा. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"भाऊ," शेजारच्या पलंगावरून आवाज आला, "हा मानूस मारत काऊन नाई?"

बुधरीबाई. भामरागडच्या पलीकडच्या गावातली, माडिया आदिवासी. पावसाळ्यात तिकडचा रस्ता तुटतो, मग मशीनला कसं पोचणार? म्हणून ती आपली लेक दुर्गा हिच्याकडे चंद्रपुरात येऊन राहिली होती. दुर्गा एका वसतिगृहात स्वयंपाक करायची. बुधरीच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं. दिव्यानी दर वेळी त्या हिरव्या नक्षीतून नस शोधायची. इतके दिवस शेजारी पडून दोघं फारसं बोलली नव्हती. तिला मराठी बेताची, आणि बापूरावांना बोलायचा कंटाळा.

"सोडून राह्यला तो," बापूराव म्हणाले. "बाहेरचा चेंडू हाय. त्याले हात लावला का फसला."

"मंग तो टाकून काऊन राह्यला?"

"फसवाले."

बुधरीनं थोडा वेळ पाहिलं. चेंडू आला, डावखुऱ्यानं सोडला. "फसत नाई," ती म्हणाली. तिला ते आवडलेलं दिसलं.

मग तिनं आणखी विचारलं. त्याच्या पायाला ते काय बांधलंय? एवढे लोक नुसते उभे का? बापूरावांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांना जरा तरतरी आली. मध्येच डावखुऱ्यानं एक चेंडू नुसता अडवला, आणि तो खेळाडूंच्या मधून घरंगळत दूर गेला.

"जोर नाई लावला," बुधरी म्हणाली.

"नाई लागत," बापूराव म्हणाले. "कालव्याचं पानी हाय ना, त्याले ढकलावं नाई लागत. उतार बरोबर दिला का थे आपोआप जाते. सरकारनं किती इंजिनिअर पाठवले, उतार चुकला त पानी मागं. हा मानूस उतार देते चेंडूले."

बोलून ते जरा ओशाळले. इतकं एकदम ते बायकोशीही बोलले नव्हते कित्येक दिवसांत.

त्यानंतरचं त्यांना आठवतं ते असं, की छतावरचा पंखा बंद असून जवळ येत होता. कानात कोंडा भरल्यासारखं झालं. बुधरी तिच्या माडिया बोलीत मोठ्यानं काहीतरी ओरडली. आणि मग काही नाही.

शुद्ध आली तेव्हा पलंगाचं डोकं खाली होतं, पाय वर. दिव्यानी सलाइनची पिशवी दाबत उभी होती. "बीपी पडला होता, भाऊ. घाबरू नका. या बाईनं आवाज दिला म्हून लवकर कळलं."

बापूरावांच्या पोटऱ्यांत वांब आले होते. अंगावर घाम, आणि घामावर थंडी. हेच तर नको होतं. एखाद्या दिवशी हे असंच होईल आणि परत येणं नसेल, तर बरं, असंही त्यांना या आधी वाटून गेलं होतं. त्यांनी डोळे मिटले.

"तू झोपला," बुधरी म्हणाली. ती सगळ्यांना तूच म्हणायची. "तवाच त्यानं केलं."

"काय केलं?"

त्यांनी मान वळवली. टीव्हीवर कसली तरी जाहिरात चालली होती. बुधरीनं पांघरुणातून मोकळा हात बाहेर काढला. बोटं सैल मिटली, मुठीत चिमणीचं पिल्लू असल्यासारखी. हात वरून सावकाश खाली आला, खाली आल्यावर किंचित थांबला, आणि पुढं निघून गेला. शेवटी मनगट वळलं, आणि हात तिथंच हवेत राहिला. तिनं तो खाली आणला नाही. वाळक्या दंडावरचं गोंदण ट्यूबलाइटच्या उजेडात दिसत होतं.

"असं," ती म्हणाली. "मंग उभाच राह्यला. चेंडू गेला. त्यानं पाह्यलंच नाई कुठी गेला थे."

कव्हर्समधून मारलेला. पाय चेंडूपर्यंत नेऊन, अगदी उशिरा. बापूरावांना तो दिसला. रेडिओच्या दिवसांत दिसायचे तसा, समोर काही नसताना. 

"चार गेले," पवननं पलीकडून कळवलं.

"पुना दाखव," बापूराव बुधरीला म्हणाले.

तिनं पुन्हा दाखवला.

थोड्या वेळानं डावखुरा बाद झाला. इतका वेळ सोडलेल्या चेंडूंसारखाच एक चेंडू, पण या वेळी बॅट गेली आणि कड घेऊन तो मागे झेलला गेला. चाळीस धावा झाल्या होत्या, नव्हत्या. त्यानं आकाशाकडे पाहिलं नाही की खेळपट्टीला दोष दिला नाही. हातमोजे काढत तो चालू लागला.

"झालं," पवन म्हणाला. "आता बसवतीन त्याले घरी."

"पुना येते का?" बुधरीनं विचारलं.

"दुसऱ्या डावात येईन," बापूराव म्हणाले. पण दुसऱ्या डावात तो लवकर गेला. पवनचंही खरं ठरलं. पुढच्या कसोटीत डावखुऱ्याचं नाव नव्हतं.

हप्ता संपला, दुसरा लागला, आणि पहिल्या खेपेच्या सकाळी अंजनाबाईंनी डबा भरला. बापूरावांनीही कानटोपी घातली. न येण्याचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. 

वॉर्डात बुधरीच्या पलंगावर एक जाडसर गृहस्थ घोरत होते.

"बाई कुठी गेल्या?" बापूरावांनी विचारलं.

दिव्यानी सुई हातात धरून थांबली. "गावी गेल्या, भाऊ. नव्या धानाचा सन हाय म्हने त्यायचा. परत येनार नाई म्हनाल्या."

"आनि तुमी जाऊ देल्लं?"

"खूप समजावलं. डॉक्टर बोलले, लेक रडली. त्या नुसत्या हसत होत्या. मले घरी बसाचं हाय, म्हनाल्या."

बापूरावांना राग आला. कोणावर, ते कळेना. जे त्यांनी स्वतः चुलीपुढे बसून नुसतं बोलून दाखवलं होतं, ते त्या बाईनं गाजावाजा न करता करून टाकलं होतं. मशीन सुरू झालं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि चारही तास टीव्हीकडे पाहिलं नाही.

पुढं थंडी वाढली. महिनाभरानं एकदा दुर्गा दवाखान्यात आली, आईचे कागद न्यायला. बापूरावांच्या पलंगाशी येऊन ती उभी राहिली. आईसारखीच बुटकी, डोळे थकलेले.

"आई गेली," ती म्हणाली. "पंधरा दिवस राह्यली घरी. जास्त त्रास नाई झाला. आंगनात बसत होती उन्हात." मग जरा घोटाळून म्हणाली, "तुमची गोष्ट सांगे सगळ्यांले. म्हने, बाजूचा भाऊ साऱ्या सकाळपासून एकाच गोष्टीची वाट पाह्यत होता, आनि थे आली तवा झोपून गेला. लई हसे."

बापूरावही हसले. हसताना डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी मोकळ्या हातानं पुसलं. "चहा घेतला का, बेटा?" त्यांनी विचारलं. दुर्गा नाही म्हणाली, तिला कामावर पोचायचं होतं.

त्या दिवशी टीव्हीवर शेवटची कसोटी होती. डावखुऱ्याच्या जागी आलेला पोरगा खेळत होता. आखूड पावलांचा, बॅट कुऱ्हाडीसारखी धरणारा. एकही फटका पाहवत नव्हता. पण उभा राहिला, अंगावर चेंडू खाल्ले, आणि शतक केलं. पवन जोरात ओरडला, दिव्यानीनं त्याला दटावलं. बापूरावांनी मांडीवर थाप मारून दाद दिली. पोरगं दमलं होतं, ते त्यांना दिसत होतं.

सुया निघाल्या. दाबून धरलेल्या बोळ्यावर पट्टी बसली. ते बाहेर आले तेव्हा अंजनाबाई बाकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, डबा मांडीवर, तोंड किंचित उघडं. त्यांचे पाय सुजले होते. चपलेचा पट्टा कातडीत रुतला होता. हे कधीपासून, ते बापूरावांना ठाऊक नव्हतं.

"कधीची बसून हायेस अशी?"

त्या दचकून उठल्या. "झालं का? चला, बस लागली असन."

"पायाले काय झालं?"

"काई नाई. बसून बसून होते."

"आत दाखवू. दिव्यानीले सांगतो, डॉक्टरले बोलवते."

"आज नाई. आज लई थकली मी," अंजनाबाई म्हणाल्या. वर्षभरात पहिल्यांदा.

"परवा मंग. परवा आल्यावर आधी तुले दाखवू, नंतर माझी मशीन."

बसमध्ये खिडकीची जागा नेहमी बापूरावांची असे, मळमळलं तर हवा लागावी म्हणून. आज त्यांनी बायकोला आत सरकायला सांगितलं. ती नको नको म्हणत सरकली. घंटाचौकीचा थांबा यायच्या आधीच तिची मान त्यांच्या खांद्यावर आली. पुढचा रस्ता जंगलाचा, खड्ड्यांचा. बापूरावांचंही अंग मोडून आलं होतं, पण ते समोरच्या दांड्याला धरून ताठ बसून राहिले, तिची झोप मोडू नये म्हणून.