सहा फुटांचा पलंग

मास्तरांनी जुनी व्हॅन दारात आणून उभी केली त्याला पाच महिने झाले होते, आणि त्या व्हॅनमध्ये अजून एक खिळा म्हणून ठोकला गेला नव्हता.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. त्यांच्या बायकोला गिऱ्हाइकं मास्तरीणबाई म्हणत, कारण दुकानात पुढे त्याच बसत. तीस वर्षं मास्तर मान खाली घालून शिवत आले आणि मास्तरीणबाई लोकांना "उद्या या" सांगत आल्या. मास्तरांनी पावतीवर शुक्रवार लिहिला की कपडे शनिवारी तयार होतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

व्हॅन घेतली ती बाईंच्या पाठीसाठी. दीड वर्षापूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तासभर बसलं की त्यांना आडवं व्हावंच लागे. त्यांची थोरली बहीण, अक्का, राहायची दोन दिवसांच्या वाटेवर, आणि तिकडे रेल्वे जात नव्हती. ती आता कायमची परदेशात, मुलाकडे चालली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची अक्का पुन्हा भेटणार नव्हती. दोघींनाही हे कळत होतं आणि फोनवर दोघीही हवापाण्याच्या गप्पा मारत होत्या. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "गाडीतच पलंग करू. तू झोपून चल." त्या दिवशी बाईंना नवऱ्याचं फार कौतुक वाटलं होतं. आता ते आठवलं की डोकं आणखीच फिरायचं.

कारण मास्तर अभ्यासाला लागले. रोज दुकान बंद झालं की फोनवर व्हिडिओ. कुठल्या तरी देशातला दाढीवाला बायकोसकट गाडीत राहतो, त्याने छताला पंखा बसवला, की मास्तरांच्या वहीत पंखा. दुसऱ्याने भिंतीत लोकर भरली, की लोकर. सिंक, शेगडी, बॅटरी, घडीचं टेबल, सगळ्यावर तीन-तीन मतं आणि एकाचाही निकाल नाही. घराच्या पुढच्या खोलीत फरशीवर त्यांनी शिंप्याच्या खडूने अख्खी व्हॅन आखून ठेवली होती. तिथे केर काढायला बंदी. आपल्याच घरात आपण एका न झालेल्या गाडीला वळसा घालून चालतो, या विचाराने बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शनिवारी दुपारी अक्काचा फोन आला. "तिकीट आलं गं. पुढच्या रविवारी." मग म्हणाली, "तुला जमत नसेल तर राहू दे. पाठ सांभाळ."

बाईंनी फोन ठेवला आणि खडूच्या रेघा तुडवत सरळ मास्तरांपुढे उभ्या राहिल्या.

"पुढच्या रविवारी जातेय ती. तुमचं नक्की अडलंय कुठे?"

"पलंगाशी," मास्तर वही उघडत म्हणाले. "पलंग सहा फूट. गाडीची रुंदी पावणेसहा. आडवा बसतच नाही. लांबीत टाकला तर सिंक अडतं, सिंक सरकवलं तर बॅटरीला जागा उरत नाही. त्याच्यावरच तर शोधतोय."

"सहा फूट कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात. स्टँडर्ड माप आहे."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. दुसऱ्याच्या अंगावर तयार शर्ट दिसला की जो नाक मुरडायचा, माणूस न बघता कापड कापणाऱ्यांना जो उभा जन्म नावं ठेवत आला, तो हाच का? त्या बाहेर गेल्या, व्हॅनचं मागचं दार उघडलं, हळूहळू आत चढल्या आणि उघड्या पत्र्यावर आडव्या झाल्या. डोकं एका भिंतीला टेकलं. पाय दुसऱ्या भिंतीच्या बरेच अलीकडे संपले.

मास्तर धावत आले. "अगं, पाठ धरेल."

"गळ्यात टेप आहे ना? माप घ्या."

मास्तरांनी माप घेतलं. मग पुन्हा घेतलं.

"चार फूट साडेदहा," ते गोंधळून म्हणाले. "तू तर पाच होतीस."

"ऑपरेशनआधी होते. दीड वर्षात तुमची टेप माझ्याजवळ आलीये का? गाडीला मात्र रोज लागत होती."

मास्तर मागच्या दारातच बसले. वही मिटून म्हणाले, "आडवा बसतोय. फळी आणि चार पाय. बाकी काहीच लागत नाही."

"नाही ना."

"वाटेत एक मुक्काम होईल. मी कुठे झोपू?"

"पुढच्या सीटवर. पाच महिने झोपाच काढल्यात, एक रात्र अवघडून काढा."

मास्तरांना यावर हसायचं धाडस झालं नाही. त्यांनी खिशातून दुकानाचं पावतीपुस्तक काढलं, गिऱ्हाइकाचं लिहितात तसं बाईंचं माप लिहिलं, पुढे चार बोटं जादा धरली. खाली तारखेच्या जागी सवयीने लिहिलं, शुक्रवार.

मास्तरीणबाईंनी पडल्या पडल्या हात पुढे केला आणि पेन मागून घेतलं. शुक्रवार खोडला आणि बुधवार लिहिला.