पंचाची जाळी आणि कोपरावरचा चेंडू

मी एक जुनी लोखंडी जाळी आहे, मित्रांनो. आयोवातल्या एका मक्याच्या गावात अर्लेन हॉगेन नावाचे बेसबॉलचे पंच राहतात. त्यांच्या तोंडावर बसून मी एकतीस उन्हाळे काढले. चेंडू माझ्यावर आदळायचा, नाक त्यांचं वाचायचं. गावात म्हणायचे, अर्लेन बोलले की वाद मिटला. मला त्याचा केवढा तोरा होता!

तिथल्या पशुखाद्याच्या दुकानात दर वसंतात एक खेळ मांडला जाई. दहा जण चिठ्ठ्या टाकून क्रम लावत, आसपासच्या गावांचे खेळाडू पाळीपाळीने निवडत आणि कागदावर आपापला संघ बांधत. खेळाडूने मैदानात जे केलं, त्याचे गुण त्याच्या कागदावरच्या मालकाला. चेंडू अंगाला लागून फलंदाजाला फुकटचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, मिळाला, तरी एक गुण. सगळा नशिबाचा मामला. पंचांना अर्थातच मनाई होती. पण त्या वर्षी अर्लेन यांच्या बायकोने, व्हर्नाबाईंनी, भाग घेतला. त्या आजाराने अंथरुणाला खिळलेल्या, उशाशी रेडिओ. कानाला गोड लागली ती नावं त्यांनी निवडली. आणि नशीब असं फळफळलं की शेवटच्या सामन्यात पहिलं यायला त्यांना एकच गुण हवा होता.

शेवटचा डाव, बरोबरी, तिन्ही बेसवर एकेक गडी उभा. फलंदाजीला व्हर्नाबाईंच्या कागदावरचा कोडी. पाहुण्या संघाच्या ट्रेंट विबरने चेंडू टाकला. कोडी बाजूला झाला नाही. उलट त्याने कोपर पुढे सरकवलं, चेंडू लागावा म्हणून. हे मी लख्ख पाहिलं, म्हणजे माझ्याआडून अर्लेननीही पाहिलं. चेंडू चुकवायचा प्रयत्नच नसेल तर बेस द्यायचा नसतो, हे तिथली शेंबडी पोरंही जाणतात. अर्लेन म्हणाले, "घे बेस."

मी हादरले, मित्रांनो. माझा माणूस खोटं बोलला होता! कोडीला जागा द्यायला सगळे एकेक बेस पुढे सरकले, तिसऱ्या बेसवरचा गडी चालत फलंदाजाच्या जागी परतला, विजयी धाव लागली आणि सामना संपला.

घरी व्हर्नाबाई वाटच पाहत होत्या.

"रेडिओवाला म्हणाला, कोडीने कोपर पुढे केलं. तू पाहिलंस?"

"पाहिलं."

बाईंनी तिथल्या तिथे दुकानात फोन लावला आणि आपला गुण कापायला सांगितला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "माझं मी परत केलं. त्या विबरच्या मुलाचं कोण परत करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्लेन मला हातात धरूनच विबरांच्या डुकरांच्या गोठ्यावर गेले. ट्रेंट पाइपने फरशी धूत होता. हरल्याचं खापर सगळ्यांनी त्याच्यावर फोडलं होतं आणि त्याने खेळ सोडायचं ठरवलं होतं. अर्लेननी काही न लपवता सगळं सांगितलं. ट्रेंटने पाणी बंद केलं. तो रागावेल, शिव्या देईल, असं मला वाटलं.

"मलाही तसंच दिसलं होतं, मिस्टर हॉगेन," तो म्हणाला. "पण बेस तुम्ही दिलात ना. म्हटलं, माझेच डोळे फसले असतील."

अर्लेन मटकन खाली बसले. त्या ओल्या फरशीवरच.

मित्रांनो, मी गंजू नये म्हणून मला तेल लावा, नका लावू, माझी तक्रार नाही. पण स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तुमच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवणारं कुणीतरी असतं. त्याला जपा.