दिपेशचा पाचवा घाव

मी एक जुना पितळी खलबत्ता आहे. मित्रांनो, ज्यात कुटतात तो खल आणि ज्याने कुटतात तो बत्ता. आम्ही दोघे असलो तरी आमचं नाव एकच, आणि मार मात्र सगळा खलाच्या वाट्याला. नाशिकच्या एका ओताऱ्याने मला ओतलं आणि घासून लखलखीत केलं. पुढे एडवणच्या पुष्पलताच्या रुखवतात मी मांडला गेलो आणि तिच्याबरोबर नवापूरला, तिच्या सासरी आलो. घर मासेमारीचं, समुद्राला लागून.

माझ्यात मसाला फारसा कुटला गेला नाही. माझं खरं काम आल्याचं. खोकल्याला आल्याचा रस आणि मध. भूक मेली तर जेवणाआधी ठेचलेलं आलं आणि सैंधव. डोकं दुखलं तर सुंठेचा लेप, बाळंतिणीला सुंठ-गुळाची गोळी. होडीवर ज्यांना मळमळायचं, ते ठेचलेल्या आल्याचा तुकडा गालात धरून समुद्रात जायचे. शेजारपाजारची माणसं वाटी घेऊन चाटण मागायला यायची आणि मी फुशारून जायचो. मग घरात मिक्सर आला. त्याचं कौतुक झालं आणि माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. खोटं कशाला बोलू, मला भारी राग आला होता.

खोकल्याचं औषध मात्र पुष्पलताने मिक्सरला शिवू दिलं नाही. तिचा एक नियम होता. ज्याला खोकला, त्यानेच आलं कुटायचं. कुटताना आल्याचा वास नाकात जातो, छाती हलते आणि निम्मा खोकला तिथेच सुटतो, असं तिचं म्हणणं. त्यामुळे या घरातल्या प्रत्येकाचा हात मला ठाऊक आहे. तिचा मुलगा दिपेश लहानपणापासून इतक्या जोरात कुटायचा की मी फरशीवर सरकत जायचो.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. दिपेश बोईसरच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. त्या दिवशी पहिली पाळी संपवून तो चारच्या सुमारास घरी आला तो खोकतच. डोळे लालबुंद झाले होते.

"काय झालं?" त्याच्या बायकोने, तेजलने विचारलं.

"काय नाय. गारठा लागला."

तेजलने मला फळीवरून खाली काढलं, आल्याचा तुकडा माझ्यात टाकला. "तुमी पडा जरा. मी देते कुटून."

बाहेर ओसरीवर पुष्पलता सुके बोंबील निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "तेजल, त्याला कुटू दे. तू हात नको लावू."

तेजलला ते आवडलं नाही. तरी तिने बत्ता दिपेशच्या हातात दिला.

पहिला घाव बरा बसला. दुसराही. तिसरा इतका हलका होता की आलं नुसतं दबलं. चौथ्याला बत्ता माझ्या काठावर आपटला. मी चरकलो. हा गारठा नव्हता. त्याच्या शर्टाला एक झोंबरा वास येत होता, तो ना घामाचा ना मासळीचा. मला ओरडावंसं वाटलं. पण मित्रांनो, घाव बसल्याशिवाय मला आवाज नाही. आणि पाचवा घाव आलाच नाही.

ओसरीवरचे हात थांबले.

"दिपेश? का रे थांबलास?"

पुष्पलता आत धावली. दिपेश भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून श्वास ओढत होता. ओठ निळसर पडले होते.

"मध चाटवते, घसा मोकळा होईल," तेजल घाईघाईने म्हणाली.

"थांब." पुष्पलताने वाकून त्याचा शर्ट हुंगला. "कंपनीत काय झालं? खरं सांग."

त्याने मान खाली घातली. "बाहेर बोलायचं नाय... सुपरवायझर बोलला. बोललो तर उद्यापासून काम नाय."

"काम गेलं खड्ड्यात! बोल!"

"गॅस आला, पाइपातून. दुपारी. मी आन् माझ्यासंगं कामाला असलेला रामू, दोघं होतो तिथं."

तेजलने हातातली मधाची बाटली तिथेच खाली ठेवली. ती धावत जाऊन शेजारच्या सुजीतची रिक्षा घेऊन आली. दोघींनी दिपेशला धरून उठवलं. उंबरठ्यात त्याने चौकट घट्ट धरली. "रामू खोलीवर एकटाच हाय. आल्याचा चहा पिऊन झोपतो बोलला."

मग घर रिकामं झालं. अर्धवट कुटलेलं आलं माझ्या पोटात तसंच पडून होतं. संध्याकाळ झाली, कोणी आलं नाही. दुसरा दिवस उजाडला, मावळला. आलं काळं पडलं, त्याला मुंग्या लागल्या. पोरगा आहे की गेला, हे मला कोण सांगणार? आयुष्यात इतका भ्यालो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी तेजल कपडे न्यायला आली. ती दारात शेजारणीशी बोलत होती, ते मी ऐकलं. दिपेशला ऑक्सिजनवर ठेवलं होतं, पण धोका टळला होता. त्यांना दवाखान्यात सोडून सुजीत तडक रामूच्या खोलीवर गेला होता. "रामू, दरवाजा खोल!" म्हणून त्याने दार बडवलं. आतून आवाज येईना, तेव्हा कडी तोडावी लागली. पुढे रामू महिनाभर दवाखान्यात होता. तो वाचला, पण आज चार पायऱ्या चढला तरी त्याला थांबावं लागतं.

शेजारीण गेल्यावर तेजलने मला मांडीवर घेतलं आणि ती बोटाने ते वाळलेलं आलं खरवडायला लागली. खरवडता खरवडता ती रडू लागली. "मी कुटून देणार होते," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "चाटून झोपले असते ते."

मित्रांनो, आल्याचा मला आजही अभिमान आहे. घसा खवखवला, पोट जड झालं, तर मला जरूर खाली काढा. पण दम लागत असेल, ओठ निळे पडत असतील, नाकात काही विषारी गेलं असेल, तर कोणाला न घाबरता खरं सांगा आणि दवाखाना गाठा. अशा वेळी मला फळीवरून काढायला जेवढा वेळ लागतो, तेवढासुद्धा घालवू नका.