मायचा साफ फोटो

माझा हात हलका आहे, असं आमच्या वडवणी भागात सगळे म्हणतात. तीस वर्षं झाली, आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. सुई दंडात जाऊन बाहेर येते आणि लेकरू अजून माझ्या कानातल्याकडेच बघत असतं. त्यामुळे पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या लेकीने, मायाने, स्वतःसाठी नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला पाठवून दिला, तेव्हा मी मनात म्हटलं, एक बटन तर दाबायचंय. पहिल्या महिन्यात मी चारशे फोटो काढले. त्यातले अकरा धड होते, आणि त्या अकरातही आठ शेजारच्या म्हशीचे. म्हैस बसलेली होती, त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं.

कॅमेरा मला हौसेसाठी नको होता. हौस नंतर लागली, ते खोटं कशाला बोलू. पण मागवला होता तो मायच्या फोटोसाठी.

माझी माय, पारूबाई, एकोणऐंशी वर्षांची आहे. मागच्या साली तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं आणि नीट दिसायला लागल्याबरोबर तिने घरातल्या चुका काढायला सुरुवात केली. कोपऱ्यातली जळमटं झाली, पातेल्यांची बुडं झाली, माझे पांढरे केस झाले. मग एका सकाळी ती भिंतीसमोर उभी राहिली. भिंतीवर वर मधोमध बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे आणि त्याच्याखाली डाव्या अंगाला माझ्या बापाचा. माय म्हणाली, "पंचे, माझ्या मागं लावायला एक फोटू करून ठिव. साफ कर. ह्यांच्यासारखा नको."

एवढं बोलून थांबली नाही. बापाच्या फोटोच्या उजव्या बाजूला वीतभर जागा सोडून तिने माझ्याकडून खिळाही मारून घेतला.

बापाचा फोटो हा आमच्या घरातला जुना सल आहे. माझा बाप आश्रुबा गवंडी. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचा पाया त्याच्या हातचा. चौऱ्याऐंशी साली पायाभरणीला चौदा जणांचा एक फोटो काढला. बापाचा आयुष्यातला तेवढाच. त्यात तेरा चेहरे स्वच्छ आहेत आणि चौदावा, माझ्या बापाचा, पुसटलेला. तो ब्याण्णव साली गेला, तेव्हा त्या फोटोतूनच त्याचं डोकं मोठं करून आणलं. मोठं केल्यावर तर नाक कुठं आणि गाल कुठं, तेही कळेना. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. बापाचा आवाज मला आठवतो, चुन्याने फाटलेले हात आठवतात. चेहरा आठवायला गेलं की डोळ्यांपुढे तो फोटोच येतो. सख्ख्या बापाचा चेहरा मला आठवत नाही, याची मला लाज वाटते. मायच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

आधी सरळ बीडला नेऊन एका स्टुडिओत फोटो काढला. त्या पोराने चार दिवसांनी जे हातात दिलं, त्यात माय गोरीपान होती, गालावर एक सुरकुती नव्हती, आणि हनुवटीवरचं गोंदणसुद्धा त्याने पुसून टाकलं होतं. छप्पन सालच्या धर्मांतराच्याही आधीचं ते गोंदण. मायच्या आजीने बाजारात धरून बसवून काढून घेतलेलं. मायने फोटो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "बाई कोन हाय ही?" मी त्या पोराला तिथंच चार शब्द सुनावले आणि ठरवलं, आता मीच काढीन.

पण काढायचा कसा? माझे सगळेच फोटो पुसट निघून बापाच्या फोटोच्या वळणावर जात होते. शेवटी उत्तरेश्वर मामांना गाठलं. मामा म्हणजे स्टँडजवळचे जुने फोटोग्राफर. आता त्यांच्या दुकानात मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो आणि मामा बाहेर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवतात. बापाचा तो फोटो त्यांनीच काढलेला, त्यामुळे मी गेले ती भांडणाच्या तयारीनेच. तुम्ही माझ्या बापाचा फोटो बिघडवला, असं तोंडावर म्हटलं. मामा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "फोटू न्हाई बिघडला, मानूस हालला. न्हाईतर बाकीचे तेरा कसे साफ आले?"

मी कॅमेरा पुढे केला. त्यांनी मला तीन फोटो काढायला लावले, आणि ते कॅमेऱ्याकडे न बघता माझ्या बोटाकडे बघत राहिले.

"सिस्टर, तुमी बटन दाबत न्हाई. टोचता."

खरंच की. तीस वर्षांची सवय. मनगट झटकन पुढे, झटकन मागे. दंडावर ते बरं, कॅमेऱ्याला त्याच धक्क्याने हलवत होते मी. मामांनी विचारलं, सुई आत गेल्यावर औषध कसं सोडता? मी म्हटलं, हळू, धीर धरून, अंगठ्याने एका दमात. मग बटनही तसंच दाबायचं, म्हणाले. कोपरं बरगडीला लावायची, श्वास अर्धा सोडून थांबायचं, आणि दाबून झाल्यावरही क्षणभर हलायचं नाही. चारशे फोटोंत जे उमगलं नव्हतं, ते एका वाक्यात उमगलं. घरी येऊन दारातल्या शेवग्याचा फोटो काढला, तर पान न् पान मोजता येत होतं.

मग मात्र मला वेडच लागलं. रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात घालून बाहेर पडायचं. भेंडीवरची लव, बांगडीवालीच्या बोटांवरचा चमचम चुरा, एसटीच्या काचेवरचे ओघळ, सगळं मला साफ पाहिजे होतं. फोटोच्या मध्ये येणाऱ्या माणसांवर मी वसकन ओरडायचे. घरी आल्यावर माय ते फोटो बघायची आणि भेंडी निबर असल्याचं सांगायची.

तिचा फोटो काढायला बसले, तेव्हा निराळंच संकट उभं राहिलं. मायची अट होती की पाठीमागे बाबासाहेब पाहिजेत. माझी हरकत नव्हती. खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली, तिला बसवलं, हळू बटन दाबलं. फोटोत बाबासाहेबांच्या चष्म्याची काडीसुद्धा स्पष्ट, आणि पुढे बसलेली माय धुक्यात. पुन्हा काढला, पुन्हा तेच. दहा वेळा तेच. मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, मग लेकीला फोन लावून तिलाही बोलून घेतलं. ती हसत सुटली. या कॅमेऱ्यात माणसाचा चेहरा आपोआप शोधायची सोय आहे, आणि तो भिंतीवरचा चेहरा धरत होता. मायचा पदर पुढे ओढलेला, मान खाली, चेहऱ्यावर सावली. बाबासाहेब मात्र सरळ समोर बघत होते.

मायला हे सांगितलं, तर तिला कॅमेऱ्याचा फार अभिमान वाटला. म्हणाली, "तुज्यापरीस त्याला जास्ती कळतंय. कुनाकडं आधी बगावं, ते त्याला ठावं हाय."

उत्तरेश्वर मामा स्वतः घरी आले. त्यांनी चेहरा शोधायची ती सोय बंद करायला लावली, मायची खुर्ची पार मागे सरकवून भिंतीला लावली, म्हणजे माय आणि बाबासाहेब कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आले. दोन्ही दारं सताड उघडली. सकाळी नवाच्या सुमारास अंगणातला उजेड थेट आत यायचा, तेव्हा काढायचं असं सांगितलं. एका सेकंदाचे अडीचशे भाग केले तर त्यातल्या एका भागात फोटो निघाला पाहिजे, मग माणूस थोडा हलला तरी बिघडत नाही. मायला त्यांनी दटावून सांगितलं की मान हलवायची नाही. माय त्यांच्याकडे बघून नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी नवाला मी तो फोटो काढला. तो फोटो म्हणजे, आता स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, पण तसा फोटो बीडमध्येही कुणी काढून दाखवावा. मायच्या पापण्या दिसत होत्या. गोंदणाचे तिन्ही हिरवे ठिपके, ओठांवरची बारीक चीर, पांढऱ्या लुगड्याच्या काठातला दोरा, आणि वर बाबासाहेब, तेही तितकेच साफ. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात उघड्या दाराचा चौकोन चमकत होता. मी तो मोठा करून, चौकट घालून आणला. आता मी म्हातारी झाले तरी मायचा चेहरा मला आठवावा लागणार नाही, समोर दिसेल, या विचाराने परतीच्या गाडीत मला रडू आलं. शेजारच्या बाईने विचारलं, तर डोळ्यात कचरा गेलाय म्हणाले.

मायने चौकट मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिली. बोटाने काचेवरून गोंदण चाचपलं. "मीच हाय," म्हणाली. मग उठून ती चौकट खिळ्याजवळ नेली, बापाच्या शेजारी धरली, आणि तशीच खाली घेऊन माझ्या हातात दिली.

"लई चांगला झालाय. पर हा न्हाई लावायचा."

माझं डोकंच फिरलं. सात महिने मी काय केलं, किती फोटो वाया घालवले, मामांच्या किती शिव्या खाल्ल्या, ते सगळं ऐकवलं. साफ पाहिजे म्हणून तूच सांगितलं होतंस, म्हटलं. माझं बोलून झाल्यावर माय म्हणाली, "साफ पायजे म्हनले, खरं हाय. पर शेजारी धरून बगितलं न्हवतं. मी आशी लख्ख आन् ते आसे. बरं दिसंना. ते कशापायी हालले, तुला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी विचारलंही नव्हतं. पुसट फोटोचा राग धरून बसले होते, बस्स.

माय खाटेवर बसली आणि सांगायला लागली. पायाभरणीच्या दिवशी बायका खडी वाहत होत्या. फोटोवाला आला म्हटल्यावर पुरुष मंडळी ओळीने उभी राहिली. बायकांना कुणी बोलावलं नाही, आणि बायकांनाही त्याचं काही वाटलं नाही. माय डोक्यावर पाटी घेऊन बाजूला उभी राहून बघत होती. मामांनी हलू नका म्हणून सांगितलं. सगळे दगडासारखे उभे राहिले. आणि ऐन बटन दाबायच्या वेळी बापाने मान तिच्याकडे वळवली.

"म्हनले, ये की गं, तूबी ये. चारचौघांत. मी लाजले. पाटी डोक्यावर तशीच. पाय उचलंना. तंवर त्यानं बटन दाबलं. त्याच्याकडं फिल्मबी तेवढीच, दुसरा काडला न्हाई." मायने भिंतीवरच्या बापाकडे बोट केलं. "मी गेलेच न्हाई, पंचे. ते मला बलवीत हायेत त्या फोटूत. तुमाला वाटतंय बिगडलाय."

मी भिंतीकडे पाहिलं. बाप कुठल्या अंगाला वळलाय, ते मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं. उजवीकडे. मायने खिळा त्याच अंगाला मारून घेतला होता. त्या पुसट चेहऱ्यात मला नाक सापडलं, गाल सापडला, आणि अर्धवट उघडलेलं तोंडही सापडलं. बोलताना उघडलेलं. एवढी वर्षं मी त्याला नुसता डाग समजत होते.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मायचा हात धरून मी विचारलं, मग आता कसा काढायचा? तिचं सगळं ठरलेलं होतं. "मला हालू दे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्ची खिळ्याखाली ठेवली. बाप तिच्या खांद्याशेजारी आला आणि वर बाबासाहेब. या वेळी दारं मी अर्धी लोटून घेतली आणि कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर घट्ट बसवला. सेकंदाचे चारच भाग करून त्यातला एक अख्खा भाग कॅमेऱ्याचा डोळा उघडा राहील, असं लावलं. एवढ्या वेळात जे स्थिर राहील ते साफ येईल आणि जे हलेल ते पुसट. हे मला आता कुणी सांगावं लागत नव्हतं. मायचे हात मी मांडीवर नीट ठेवले, पदर सारखा केला आणि सांगितलं की मी म्हटल्यावर वळायचं, आधी नाही.

"वळ माय," मी म्हटलं.

तिने मान बापाकडे वळवली. मला वाटलं होतं, ती नुसतीच वळेल. पण ती बोलली. घरात कुणाशी तरी नेहमीच्या आवाजात बोलावं तशी बोलली.

"आले," म्हणाली.

मी हळूच बटन दाबलं.

तोच फोटो आता त्या खिळ्यावर आहे. माय हट्टाने म्हणाली, मागं लावायची वाट कशाला बगायची, मी हाय तंवरच लाव. त्यात बाबासाहेब साफ आहेत. तिच्या हातांच्या शिरा साफ आहेत, लुगड्याचा काठ साफ आहे. फक्त चेहरा पुसट आहे, आणि तोंड थोडं उघडं आहे.