चवळीखाऊ

गलगंडाच्या ऑपरेशनसाठी न्येले त्राओरे टेबलावर आडव्या झाल्या. त्यांना पहिल्यांदाच भूल द्यायची होती आणि ती देणारी मी.

"झोपेतून परत आलेच नाही तर?"

मी औषध कसं काम करतं ते समजावलं, तरी त्यांची नाडी धावतच होती. शेवटी मी मास्क खाली ओढला.

"आजी, त्राओरे म्हणजे चवळीखाऊ! मी दियारा."

आमच्या या दोन कुळांत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. काहीही बोलावं, कुणी रागवायचं नाही.

त्यांचे डोळे लकाकले. "दियारा? अगं, तुझ्या आजोबांनी आमची चवळी पातेल्यासकट पळवली!"

"झोपा आता. तेवढंच तोंड बंद राहील."

"थांब, उठल्यावर बघते तुला!" त्यांनी माझ्या एका हाताची बोटं घट्ट धरली.

मी सुई टोचली. त्यांनी डोळे मिटले, पण माझी बोटं सोडली नाहीत.