मुलाखत क्रमांक सत्याऐंशी

कोकणातून मुंबईत आलेल्या बायकांच्या मुलाखतींवर इतिहासाचे प्राध्यापक श्यामकांत सावंत यांचं अख्खं करिअर उभं होतं. मुलाखती विद्यार्थी घ्यायचे, सर टाइप केलेले कागद वाचायचे. नियम दोनच. घरच्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही, कारण तटस्थपणा जातो. आणि टाइप झालं की बाईचं नाव आणि आवाज, दोन्ही पुसून टाकायचे.

सर्वांत गाजली ती मुलाखत क्रमांक सत्याऐंशी. "मुलगा खूप शिकला," ती बाई म्हणाली होती, "पण मी गाव कसं सोडलं, हे त्याने कधी विचारलं नाही." त्या मुलाच्या कोरडेपणावर सरांनी वीस पानं लिहिली. त्यांना पुरस्कार मिळाला.

सरांच्या आईच्या तेराव्याला जुनी विद्यार्थिनी श्वेता बोरीवलीच्या घरी आली आणि फोटोपुढे थबकली.

"सर, सत्याऐंशी ह्याच. नाहूरला माझ्याकडे एकट्या आल्या होत्या. आडनाव माहेरचं सांगितलं, मला काय माहीत."

सरांनी आयुष्यात पहिल्यांदाच पुरावा मागितला नाही.

"तिचा आवाज... रेकॉर्डिंग आहे?"

"पुसलं, सर. तुमचाच नियम ना."

"कशी बोलली गं ती?"

"छान. गाव सोडलं त्या दिवसाचं सांगायला लागल्या, तेवढ्यात घड्याळ बघून उठल्याच. म्हणाल्या, पुढचं नंतर सांगते, मुलगा कॉलेजातून येईल, त्याला भाकरी गरम लागते."