रांगेत अडकलेला धवला

मी एक जुना कर्नेल आहे, संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, आणि आधीच सांगतो मित्रांनो, माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. संगणकातल्या सगळ्या प्रोग्रॅमांचा कारभार मी पाहतो. प्रोसेसर एक आणि मागणारे अनेक. म्हणून मी एकाला क्षणभर देतो, काढून घेतो, पुढच्याला देतो. हे इतकं भरभर चालतं की प्रत्येकाला वाटतं, संगणक आपलाच आहे.

१९९८ साली मी नवी मुंबईत, पावणे इथल्या एका छपाईच्या गाळ्यात होतो. मालक नंदकुमार गिऱ्हाइकांसमोर माझं कौतुक करायचे. टायपिंग चारुलता करायची. एका दुपारी तिने तळवलीच्या विमलबाईंना आणलं. त्या धवलारीण, म्हणजे आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या. सासूने शिकवलेला एक लांब धवला आता फक्त त्यांनाच येत होता. त्या गात होत्या आणि चारुलता टाइप करत होती.

त्याच संगणकावर त्याच वेळी पडद्यामागे तळवलीच्याच गोटीरामशेठच्या नातवाची रंगीत लग्नपत्रिका तयार होत होती. ती हळू चाललीय म्हणून नंदकुमार चिडले. ते राहायचे त्या कोपरखैरण्यात नळाला पाणी आलं की सोसायटीत पहिला पंप यांचाच सुरू व्हायचा. तीच सवय इथे.

"शेठचं काम पहिलं," म्हणत त्यांनी पत्रिकेला सगळ्यांत वरचा अग्रक्रम दिला. मग पत्रिका प्रोसेसर सोडेना आणि मला दुसऱ्या कोणाला काही देता येईना.

तेवढ्यात धवला संपला. चारुलताने सेव्ह केलं, पण तो हुकूम रांगेतच उभा राहिला. पडदा थिजला.

"सर, थोडं थांबा ना, होईल."

"हँग झालाय गं. टेन्शन नको घेऊस." त्यांनी बटण बंद केलं आणि न साठवलेला धवला पुसला गेला. वर शिव्या मला. माझा संताप ऐकणार कोण?

पत्रिका पुन्हा बनवता आली, छापूनही निघाली.

"मावशी, परत गाल?" चारुलताने विचारलं.

"नाय गो. लगीन नसताना धवला गायचा नसतो. देवीची माफी मागून तुज्यासाठी एकदाच गायले. आता मांडवातच गाईन. तवा ये लिवायला."

चारुलताला धीर आला; शेठकडचं लग्न तळवलीतच तर होतं. तिने छापलेली पत्रिका त्यांना वाचून दाखवली. त्यात मांडवाच्या दिवशी धवल्यांच्या जागी ऑर्केस्ट्रा होता.

"गावातलंच लगीन," विमलबाई म्हणाल्या, "आनि मना बोलावनं नाय." त्या उठून गेल्या.

मित्रांनो, पाळी मोडण्याआधी मागे कोण उभं आहे ते वळून बघा. तळवलीत त्यानंतरही मांडव पडले. चारुलता वाट बघत राहिली. विमलबाईंना कोणी बोलावलं नाही.